पान्याखालचं खाचर

माझं म्हायेर टाकव्याचं, भाऊ, आन् दिली मला हितं वलवनात. लगीन ठरलं ते मुळी भाताच्या खाचरावर. बाप माझा पोरगा बघाया म्हनून आला आन् खाचर बघून गेला, घरी जाऊन आयला म्हनला, पोराचं नाक जरा मोठं हाय, पन आंबेमोहराचा वास पार रस्त्यापतुर येतोय. काय सांगू तुमाला, दोन पिकं घेतली न्हाईत तवर धरन झालं, खाचर गेलं पान्याखाली आन् माझ्या वाट्याला नुसतं नाक ऱ्हायलं.

खाचराच्या बदल्यात वर माळावर तुकडा मिळाला, नाचनी व्हायची, पोट भरायचं. पन मालकांचं ध्यान त्या खाचरात. उन्हाळ्यात पानी हटलं की खाचर उघडं पडायचं, की ह्ये कुदळ घेऊन हजर. बांध घालायचं, रोपासाठी पालापाचोळा पसरून, जाळून राब भाजायचं, भात पेरायचं. रोप चार बोटं वर आलं की पावसानं पानी चढायचं आन् सगळं बुडायचं. तीन वर्सं हेच, भाऊ, तीन वर्सं. मानूस गुडघाभर पान्यात उभा ऱ्हायचा, जेवाया ये म्हनलं तर वळून बघायचा न्हाई. अवो, पान्याला हुसकून लावता व्हय, म्हनलं, तर म्हनायचं, माझं हाय त्ये. लय भ्या वाटायचं मला. म्हनलं, ह्यो मानूस एक दिस त्या पान्यातच ऱ्हानार.

चवथ्या साली शिमग्याला म्हायेरी गेलते, तितनं काकडीचं बी पदराला बांधून आनलं. जसजसं पानी हटलं तसतसं त्या गाळात टोचत गेले. मालक ह्ये भडकलं! भाताच्या खाचरात काकडी? दोन दिस बोललं न्हाईत माझ्याशी, तेवढीच घरात शांतता. मी म्हनलं, आठ म्हैनं पान्याचं, चार म्हैनं आपलं, त्या चार म्हैन्यात जे व्हतंय ते करू की. पानी शेजारीच, घागरीनं घातलं. वैशाखात काकड्या अशा लागल्या, अशा लागल्या, लोनावळ्याच्या ठेसनावर पाटी उतरवली की पाशिंजर लोक खिडकीतनं हात काढायचं.

एक दिस मालक आलं, बांधावर बसलं, एक काकडी खाल्ली. मग दुसरी. मग म्हनलं, मीठ न्हाई आनलंस व्हय? मला हसू बी आलं आन् रडू बी. किती दिसांनी त्या मानसानं तोंडानं काय मागितलं व्हतं.

त्याला लय वर्सं झाली. आता नाक तेवढंच हाय, केस गेलं. अजून दर साली आमी काकडी लावतो, आन् पानी वर याया लागलं की मालक शेवटचा वेल उपटतात आन् सोताच्या हातानं बांध फोडतात. म्हनतात, ये बाबा, आता तुझं आठ म्हैनं. आन् घरी येऊन पोटभर जेवतात.

देव तुमचं बरं करो, भाऊ. बसा, ही काकडी घ्या. मीठ हाय माझ्यापाशी, आता कंदी इसरत न्हाई.