एकाच डब्यातला रंग

— न्हाई हो राधाकिशनराव, दोन डबे कुठले! एकच डबा होता. चौकटीला बी तोच स्टेन अन् दाराला बी तोच, एकाच दिवशी, याच हातानं मारलेला. चौकट राखेवाणी पडली अन् दार अजून चिंचोक्यावाणी हाय, म्हणून इचारता ना? सगळेच इचारत्यात. दाराला हात लावून बघत्यात अन् म्हणत्यात, आप्पाराव, आमाला असंच पाहिजे. मी बी करून देतो. पण तुमी तलवाड्याहून इतक्या लांब आलात, म्हणून सांगतो — दार बघून ठरवू नका. चौकट बघा. चौकट खरं बोलती.

किती वर्षं टिकतं? डब्यावर सात लिहित्यात. ते सावलीतलं. तुमचं दार मावळतीकडं तोंड करून, वर पत्रा बी न्हाई — मग चार धरा. पहिल्या वर्षी काय कळत न्हाई. दुसऱ्या वर्षी खाली, उंबऱ्यापाशी, पावसाचं पाणी उडतं तिथं फिकं पडतं. मग मधल्या फळ्या. हे ऑइलपेंटसारखं न्हाई बघा, त्याचे पापुद्रे सुटत्यात, माणसाला दिसतं तरी. स्टेन लाकडात मुरतो, अन् जातो तवा गुमान जातो. कधी गेला, कळत न्हाई. म्हणून दरसाल दिवाळीच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, काचकागद हलका फिरवायचा, एक हात मारायचा. अर्ध्या दिवसाचं काम. तेवढं केलं तर दार तुमच्या नातवाला बी पुरंल. अन् राहू दे, पुढच्या साली बघू म्हणलात — तर मग रंगाचं काम राहत न्हाई. मग रंधाच लावावा लागतो.

मग हे कावून टिकलं? टिकलं कुठं, ह्याला ऊनच लागलं न्हाई. नीट बघा — तुमी आत बसलात अन् तुमच्याकडं दाराची कंची बाजू हाय? बाहेरची. दार आत उघडतं, भिंतीला टेकतं, बाहेरचं तोंड घरात. सहा वर्षं झाली, असंच हाय. लावलंच न्हाई. रातचं बी न्हाई. हौ, कडी बसत न्हाई ना त्याची. हसा, हसा, सगळं गाव हसतं. एवढा सुतार, धारूरपातुर लोकांची दारं करतो अन् घरचं दार लागंना! शेरडं आत येत्यात, कुत्री येत्यात — बबिताची आई फळी आडवी लावती खाली. कडी जुन्या मापाची निघाली, लाकूड फुगलं, चौकट सरकली — दर साली काहीतरी सांगतो मी तिला.

तुमी उठून बघू नका. बसा. — बसती हो. कडी बसती. चांगली बसती.

बबिता आमची पोरगी. एकलीच. गेवराईकडं दिलती. दोनदा निघून आली, दोनदा मीच नेऊन घातली — एकदा तर जेवू बी दिलं न्हाई, त्याच एस्टीनं. लोक काय म्हणतील, अजून काय. ती काय सांगत होती ते मी नीट ऐकलं बी न्हाई. तर तिसऱ्यांदा निघून आली त्या दिवशी हे दार बसवलतं. सकाळी बसवलं, दुपारी रंगाला बसलो. आई तिची नारायणगडाला गेलती, घरात मी एकला. दुसरा हात चालू होता. फोन आला, मी खांद्यात धरला. म्हणली, आबा, धारूरच्या स्टँडवर हाय. मग म्हणली, काय करताव? मी म्हणलो — दार लावलंय.

आमच्या धंद्यात बसवलं बी म्हणत्यात, लावलं बी म्हणत्यात. कुणाच्या घरी जाऊन आलो की म्हणतोच, आज दोन दारं लावली. तसंच म्हणलो. नवं दार लावलंय, एवढंच. ती जरा थांबली. म्हणली, बरं आबा. ठेवला.

मला कळालंच न्हाई तवा, तिनं काय ऐकलं ते. रातच्याला ध्यानात आलं — असं मी सांगतो. मलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगायचं? पण कळालतं, राधाकिशनराव. ती थांबली ना, तवाच कळालं. 'अगं, नवं दार बसवलंय' — एवढं म्हणायला किती वेळ लागतो? म्हणलो न्हाई. वाटलं, बरं झालं. आपसूक झालं. परत जाईल, नांदेल. हात बी थांबला न्हाई माझा. स्टेन मधीच सोडला तर सांधा उमटतो, काळा पट्टा येतो, मग जात न्हाई. दाराकडं बघा, कुठं सांधा दिसतो? एक न्हाई. सुताराचं मन बाभळीपाशी म्हणत्यात, ते हेच. दार पुरं केलं, हात धुतले, मग स्टँडवर गेलो. ती न्हवती, गेवराईची गाडी गेलती. सासरी बी पोचली न्हाई. कुणी म्हणतं पुण्याकडं कंपनीत हाय, कुणी काय म्हणतं. तो नंबर लागत न्हाई.

दुखतं का? न्हाई. आधी दुखायचं. आता नुसतं हाय, चौकटीवाणी. दार तेवढं उघडं ठेवतो. आली तर लांबूनच दिसावं.

हिला ठाऊक न्हाई फोन आलता म्हणून. ती म्हणती, जायच्या आधी पोरीनं आपल्याला एकदा इचारलं सुदिक न्हाई. सहा वर्षं तेच म्हणती. मी ऐकतो. तुमाला कावून सांगितलं कुणास ठाऊक. परक्या गावचे, म्हणून आसंल.

— गप. आली वाटतं गिरणीवरनं. आलीस का? हे तलवाड्याचे पाव्हणे, राधाकिशनराव. रंगाचं इचारायला आलेत. चार वर्षं, राधाकिशनराव, चार धरा. निघा आता, गाडी चुकंल तुमची.

काय म्हणलीस? कडी?

न्हाई गं. न्हाई बसत अजून.