शिंप्याला मत हवंच कशाला?

नाही, पण मी काय म्हणतो, शिंप्याला मत हवंच कशाला? वकिलाला असावं, न्हाव्याला असावं, रिकाम्या माणसाला तर असावंच असावं, पण शिंप्याला? तोंडात चार टाचण्या धरून जन्म काढलेला माणूस मी, मत सांगायला तोंड उघडलं तर टाचणी घशात जाईल हो! आणि तुम्ही मला इथं बोलावलंत, 'छोटे दुकानदार आणि ऑनलाइन मार्केटिंग' यावर दोन शब्द बोला म्हणून… अहो, तीन शब्द बोललो त्यानंच तर घात झाला माझा! ही पहिल्या रांगेत फोन उभा धरून बसलीय ना, ती आमची सूनबाई. म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला, मी पेजवर टाकते." टाक बाई, टाक. आधीचं टाकलेलं अजून निस्तरतोय.

तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात एक गुपित आहे. टेप दिसला की माणूस पोट आत घेतो. पुढारी असो की पोस्टमन, टेप कमरेकडे निघाला की श्वास वर, छाती पुढे, पोट पाठीला! त्या मापाची पँट शिवली तर घालताना चावते आणि बसताना फाटते, आणि फाटली की दोष कुणाचा? शिंप्याचा! बरं, 'श्वास सोडा' म्हणायची सोय नाही. माणूस तोंड लाल करून म्हणतो, "सोडलाच आहे की!" माझे वडील सांगून गेले, "पोरा, माणसाला पोट सोड म्हणू नये. त्याला बोलतं करावं, आणि तो बोलेल त्याला हो म्हणावं. हो म्हटलं की पोट आपोआप खाली येतं."

झालं! तीस वर्षं मी तेच करतो. टेप गळ्यात ठेवायचा, आरशापाशी उभं करायचं आणि विचारायचं, "काय म्हणतंय जग?" की सुरू! कुणाचं युद्धावर, कुणाचं महागाईवर, कुणाचं क्रिकेटच्या कप्तानावर… बोलता बोलता गडी रंगात आला की मी म्हणायचं, "अगदी बरोबर बोललात!" आणि टेप ओढायचा. त्या क्षणाला माणूस जितका खरा असतो ना, तितका देवापुढेही नसतो! मग तोंडानं मोठ्यानं सांगायचं, "छत्तीस!" आणि वहीत लिहायचं, एकोणचाळीस. खरं वहीत, बरं तोंडात. पँट बसते, माणूस खूश, आणि मी? मी काय बोललो हे मलाच आठवत नाही!

बरं चाललं होतं हो. पण कोपऱ्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं, काचेचं, थंडगार, आणि आम्ही दुकानात माश्या मारायला लागलो. तेव्हा सूनबाईनं पदर खोचला. पोरीचा हेतू चांगला, मी नाही म्हणत नाही. म्हणाली, "बाबा, आपण ऑनलाइन दिसत नाही, म्हणजे आपण नाहीच." मी म्हटलं, "अगं, मी तुझ्यासमोर बसलोय." तर म्हणे, "तसं नव्हे!" मग फोन उभा करायची एक काठी आली, गोल दिवा आला, दुकानाचं पेज आलं. पहिला व्हिडिओ माझ्या काजाचा. हातानं घातलेलं काज, तुम्हाला सांगतो, असं काज आता कुणाला घालता येत नाही! किती जणांनी बघितलं? अकरा. त्यातले चार घरचे, सहा सूनबाईच्या माहेरचे, आणि एक मीच, बोट लागून.

म्हणाली, "बाबा, लोकांना खरेपणा आवडतो. काज नको, माणसं दाखवू." मी म्हटलं, दाखव. शिंप्याला मत कशाला?

आता तेव्हा गावात एकच विषय. बाजाररस्ता गाड्यांना बंद करायचा आणि नुसता चालणाऱ्यांना ठेवायचा, की नाही? घराघरात दोन पक्ष झाले, सख्खे भाऊ बोलेनात! अशात आले आमचे हेडसर. निवृत्त मुख्याध्यापक, माझं दुकान उघडलं त्या आठवड्यापासूनचं गिऱ्हाईक. शाळेच्या पन्नासाव्या वर्षाच्या समारंभात त्यांचा सत्कार, त्यासाठी कोट. आरशापाशी उभे राहिले, टेप बघितला, पोट आत! मी विचारलं, "सर, रस्त्याचं काय?" झालं, बोट वर! "रस्ता हा माणसांसाठी असतो, यंत्रांसाठी नव्हे! बंद म्हणजे बंद!" मी म्हटलं, "अगदी बरोबर बोललात!" आणि टेप ओढला. सूनबाईनं टिपलं.

त्याच दुपारी टायरवाले आले. आडदांड माणूस, आवाज असा की शिवणयंत्राची सुई थरथरावी. "मास्तर, रस्ता बंद केला तर गिऱ्हाईक काय टायर खांद्यावर टाकून आणणार काय? आं? बंद करणाऱ्यांनाच बंद केलं पाहिजे!" मी? मी काय म्हणणार? बेचाळीस कंबर होती हो ती, सुटायलाच तयार नव्हती! म्हटलं, "अगदी बरोबर बोललात!" तेही टिपलं.

आता तुम्ही म्हणाल, सूनबाईच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, तिनं कपडा बघितला, उजेड बघितला, माझ्या डोक्यावर केस किती दिसतात ते बघितलं, बोलणं कोण ऐकतं? तीस वर्षांत माझ्या बायकोनं ऐकलेलं नाही! सोमवारी हेडसरांचा व्हिडिओ गेला, चाळीस हजारांनी बघितला. खाली काय काय लिहिलेलं… "टेलरमास्तर रोखठोक!" "असा माणूस हवा!" मी दिवसभर दुकानात छाती काढून फिरलो, खोटं कशाला सांगू? मंगळवारी टायरवाल्यांचा गेला. आणि बुधवारी कुणा रिकामटेकड्यानं दोन्ही शेजारी शेजारी चिकटवले! डावीकडे हेडसर, उजवीकडे टायरवाले, आणि दोन्हीकडे मी! तोच टेप, तेच हसू, तीच मान! "अगदी बरोबर बोललात!" … "अगदी बरोबर बोललात!" मागे तबला लावलेला. अडीच लाख लोकांनी बघितला हो! माझं काज अकरांनी, आणि माझं बिंग अडीच लाखांनी!

खाली कुणी लिहिलं, 'दोन तोंडाची कात्री'. कुणी लिहिलं, 'हा पुढच्या निवडणुकीत येणार.' एकानं लिहिलं, 'याच्याकडं पँट शिवू नका, दोन्ही पाय दोन दिशांना जातील.' हे मला आवडलं, पण हसायची चोरी!

आणि मग बसला फटका. रस्ता बंद करा म्हणणारे यायचे बंद झाले, उघडा ठेवा म्हणणारेही बंद झाले. काचेच्या दुकानाला जे दोन वर्षांत जमलं नाही ते मी तीन शब्दांत केलं. जे यायचे ते कसे यायचे? मुके! आरशापाशी ताठ उभे. मी म्हणायचं, "काय म्हणतंय जग?" की ते, "मास्तर, बोलू नका. नुसतं माप घ्या." आणि श्वास वर! घेतली हो तशीच मापं. आठवड्यात तीन पँटी परत. एकाचं बटण उडून त्याच्या सासऱ्याच्या चष्म्यावर बसलं.

सूनबाई रडवेली झाली. "बाबा, माझ्यामुळे झालं. तुम्ही एक खुलासा करा, तुमचं खरं मत काय ते स्पष्ट सांगा." बसलो. दिवा लावला, काठी उभी केली, हातात कागद. माझं मत असं आहे की… की… अहो, काय असं आहे? आतून काही येईचना! सकाळी वाटायचं, बंद करावा, म्हातारी माणसं निवांत चालतील. संध्याकाळी वाटायचं, उघडा राहावा, टायरवाल्याला दोन लेकी आहेत. आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली, "यांना मत कधी होतं? लग्नाच्या वेळी यांचे वडील म्हणाले, मुलगी छान आहे, हे म्हणाले अगदी बरोबर बोललात. आई म्हणाली, जरा सावळी आहे, हे म्हणाले अगदी बरोबर बोललात. मी दाराआडून ऐकलंय!" तुम्हीच सांगा. शिंप्याला मत हवंच कशाला?

पण खरं सांगू का, गिऱ्हाइकं गेली त्यापेक्षा मला लागलं ते हेडसरांचं. कोट कच्च्या टाक्यांत खुंटीला लटकत होता आणि सर फिरकत नव्हते. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. समारंभ रविवारी, आणि शुक्रवारी सर आले. दुकानात मी आणि सूनबाई. सर आरशाकडे बघत म्हणाले, "अरे, घरी गेलं की भिंतीशी बोलायचं. या गावात एक माणूस आपलं म्हणणं समजून घेतो, असं वाटायचं मला. तीस वर्षं. तो तू." बस, एवढंच! ओरडले असते तर बरं झालं असतं. मग हात वर केले, श्वास आत घेतला आणि म्हणाले, "घे. शेवटचं माप."

माझ्या तोंडातल्या टाचण्या गळाल्या हो. म्हटलं, "सर, रस्त्याचं मला काहीही कळत नाही. देवाशपथ. मला एकच गोष्ट नक्की माहीत आहे. तुमची कंबर एकोणचाळीस आहे. मी छत्तीस सांगत आलोय आणि एकोणचाळीस शिवत आलोय. श्वास सोडा सर, नाहीतर सत्काराच्या हारात अडकून गुदमराल."

सर असे बघायला लागले! म्हणाले, "पुरावा?" शाळामास्तर माणूस, पुराव्याशिवाय काही घेत नाही. मी मापांची वही काढली, त्यांचं पान उघडलं. आता काय आहे, मी प्रत्येक मापाच्या कडेला बारीक अक्षरात गिऱ्हाईक काय बोललं ते लिहून ठेवतो. पुढच्या वेळी धागा पकडायला बरं. माझ्या धंद्याची सोय हो, दुसरं काय! सर चष्मा वर करून वाचायला लागले. 'कंबर ३४. शाळेची नवी इमारत, छप्पर गळतं, चिडलेले.' 'कंबर ३६. मुलगा परदेशी गेला. दोनदा सांगितलं.' 'कंबर ३९. घरच्या बाईंना दवाखान्यात ठेवलंय. माप झालं तरी बसवून घेतलं, चहा दोनदा.' आणि त्याच्या खाली, 'कंबर ३५. बाई गेल्या. बोलले नाहीत. विचारलं नाही.' मग परत ३९, 'रस्त्याबद्दल बोलले. बरं वाटलं.'

सर वाचत होते आणि त्यांचा श्वास हळूहळू खाली येत होता. मी टेप गुंडाळला, ओढला, जागच्या जागी एकोणचाळीस! सूनबाईच्या हातात फोन होता. तिनं तो उलटा करून टेबलावर ठेवला. तिला मी तेव्हाच मनातून मानलं. सरांनी वही मिटली, नाक पुसलं आणि म्हणाले, "अगदी बरोबर लिहिलंस." मी शिंपी माणूस, माझ्या डोळ्यांत पाणी! टाचणी टोचली म्हणून सांगितलं.

रविवारी कोट असा बसला म्हणता! टायरवाले सत्काराला होते, त्यांनी सरांना विचारलं, "कुणाकडं शिवला?" आणि सरांनी सांगितलं, "एक आहे. त्याला मत नाही, पण लक्ष आहे." तिथून माणसं परत यायला लागली. हळूहळू, एकेक. शुक्रवारी दुकानातून जाताना सर एवढंच म्हणाले होते, "वहीतलं वहीत ठेव. आणि कंबर… बाहेर छत्तीसच. माझी शपथ आहे तुला." मी म्हटलं, "सर, अगदी बरोबर बोललात! मेलो तरी या तोंडातून…"

…

अगं सूनबाई. ते मघाचं, एकोणचाळीसचं, ते कापता येईल ना गं? टाकायच्या आधी? काय? टाकायचं नाही? मग काय? …थेट चाललंय? म्हणजे आत्ता? मी बोलतोय तसं? …बरं, बरं, घाबरायचं काय त्यात, बघतंय किती? अकरा! हात्तिच्या, मग काय! चार घरचे, सहा तुझ्या माहेरचे, दहा झाले. अकरावा मी असतो… पण मी तर इथं उभा आहे. मग अकरावा कोण गं?

…सर, श्वास सोडा आता. सगळ्यांना कळलंच आहे.