‘ले’चा ‘ला’

(धाडजवळचं खेडं, १९६२. भाजीचा मळा करणारा मोतीराम, त्याची बायको अंबूबाई, नुकतीच सातवी पास झालेली कोकिळा. सकाळची वेळ.)

कोकिळा : मंग ह्या अर्जाले हात कोनं लावला, बाबा?

मोतीराम : म्या. पहाटीच दौत घेऊन बसलो. चुका दुरुस्त केल्या.

कोकिळा : चुका? म्या लिहेल होतं, ‘वडिलांनी खूप कष्ट केले.’ तुमी ‘केला’ केलं!

मोतीराम : गुरुजी बजारात भेटले. म्हने, पोरगी हुशार हाय, पन कधीमधी ‘मले’ लिहिते, तिथं ‘मला’ पाह्यजे. आता राज मराठीचं. बुलढान्याच्या वसतिगृहातल्या बाईले आपलं ‘ले’ चालन का? दिसला ‘ले’ का केला ‘ला’.

अंबूबाई : सारेच?

मोतीराम : एक नाही सोडला.

कोकिळा : माय, आयक. ‘आमच्या घरी चार मुला आहेत. मी मळ्यात फुला तोडते. सातवीत मला चांगला गुण मिळाला.’

अंबूबाई : एकच?

कोकिळा : म्या ‘चांगले गुण मिळाले’ लिहेल होतं वं!

अंबूबाई : अगं माय! अवो, डोकं ठिकान्यावर हाय का तुमचं?

मोतीराम : तूच तं म्हनली, एकडाव नजर टाका.

अंबूबाई : नजर टाका म्हनली. हात टाका म्हनली का?

मोतीराम : बरं, मंग ‘ले’ कुठी चालते न् कुठी नाही? सांग नं पोरी.

कोकिळा : ते... कानाले समजते, बाबा. सांगता नाही येत.

मोतीराम : माह्या कानाले तं सारेच बरोबर वाटून राह्यले. आन् काऊन वं, एक ‘मले’ तुह्या हातचा होता का नाही?

कोकिळा : होता. वरच्याच ओळीत.

मोतीराम : पाह्य! म्या पाह्यलं नसतं तं थो तसाच गेला असता. पाह्यलं तं हे असं झालं. बापानं करावं तरी काय?

अंबूबाई : मले नका इचारू. मले तं दोन्ही खरंच वाटते.

मोतीराम : दुसरा कागद आनतो. फाडून टाक हा.

कोकिळा : छापील हाय थो. एकाले एकच देतात. आन् आज शेवटचा दिवस. इथं पाह्या, ‘स्वहस्ते लिहावे.’ बाई म्हनन, हिले मराठीच येत नाही. नाही घेतलं तं संपली माह्यी शाळा. आपल्या गावात आठवी कुठी हाय?

अंबूबाई : रडू नको वं माय. बुलढान्याची मोटार यील आता.

मोतीराम : थांब. खाली जागा हाय नं? लिही तिथं, खोडलेलं सारं माह्या बापानं खोडलं, पोरीचं बरोबर होतं.

कोकिळा : लोक हासतीन तुमाले.

मोतीराम : हासू दे. मले कुठी आठवीत जाचं हाय? लिही तुह्या हातानं. म्या तोंड नाही घालत.

कोकिळा : लिहिलं. इथं सही करा.

मोतीराम : आन इकडं टाक-दौत. मो-ती-रा-म... पोरी, आपलं आडनाव ‘उगले’ का ‘उगला’?

कोकिळा : उगले, बाबा. थो ‘ले’ आपलाच हाय.