लहानीच्या पायाचं माप

माझं माहेर मारेगावच्या पल्याड, काळ्या जमिनीतलं. तेराव्या वर्सी मी बाभुळगावकडच्या या घरात मोठी सून होऊन आली आन् तवापासून घरचा कापूस माझ्याच डोक्यावरून माडीत गेला, अंगणातल्या शिडीवरून, एक हात गठुड्याले आन् एक शिडीले. काय सांगू तुम्हाले, दहा वर्सं. मंग धाकट्या दिराचं लगीन झालं. लहानी उंच, गोरी, चौथी शिकलेली. सासूनं पयल्याच वर्सी माडीची किल्ली तिच्या कमरेले बांधली. मले ती किल्ली कधी हातात धरायलेही भेटली नवती.

नवं राज्य झालं त्या साली सासरे म्हणे, आता जिना घराच्या आतूनच करू. सागवान पांढरकवड्याहून आणलं. आमच्या सुताराची रीत अशी, का जी बाई ओझं घेऊन चढंल तिच्या पायानं पायरीची उंची काढायची. तिच्या डोक्यावर गठुडं द्यायचं, समोर इटा रचत जायच्या आन् पाय सहज उचलते तेवढ्या उंचीवर सुतळीले गाठ मारायची. मी पदर खोचून उभीच होती. सासू म्हणे, लहाने, तू चढ व. मी म्हटलं, आत्याबाई, ओझं तं मी नेतो. सासू म्हणे, तुले काहून आग लागली, पुढं घर तिलेच पाहायचं हाय.

लहानीची मान गठुड्याखाली लटलट हाले, पण पाय असा उचलला का सुतार म्हणे, वा! राबावं मी, आन् माप तिचं?

दुपारी सुतार जेवाले बसला, सुतळी खुंटीवर. मी गाठ सोडली आन् बोटभर खाली मारली, माझ्या पायापुरती. म्हटलं बोटभरानं कोणाले काय कळते? पण अकरा पायऱ्यांची अकरा बोटं होतात, हे डोक्यातच आलं नाही. जिना उभा केला तं अकरावीपासून माडी गुडघाभर उंच. सासू म्हणे, काय गा सुतारा, माडी वाढली का? तो म्हणे, बारावी टाकतो. तं सासू म्हणे, सम पायऱ्या अशुभ, माझ्या घरात नको. आन् तेरावीले जागाच नवती.

सुतार रडकुंडीले आला. म्हणे, कोणीतरी गाठ हलवली. मी तं भुईच पाहून राह्यलती. तेवढ्यात लहानी म्हणे, आत्याबाई, गाठ माझ्या हातानं सुटली, मीच परत बांधली. माझ्याकडं तिनं पाह्यलंही नाही. सासू तिले एक शब्द बोलली नाही, जिना तसाच राह्यला. माझं नाव निघतं तं त्याच दिवशी मले माहेरी धाडली असती. आता पाहा, चूक माझी, आन् त्या चुकीचंही मोठेपण तिनंच नेलं. त्यापेक्षा माहेर परवडलं असतं.

आता सासू नाही. कापूस अजून मीच नेतो. अकरावीवर पोचली का लहानी वर उभी राह्यते, वाकून हात देते, या बाई म्हणते. मी तिच्या हातात गठुडं देतो, हात नाही देत. देव तिले सुखी ठेवो, म्हणतो मी, मनापासून म्हणाले जातो आन् अर्ध्यातच अटकतो. मंग गुडघ्यावर हात टेकून आपली आपण वर चढतो.