पुढच्या गाडीचा शब्द

— बसा की भिमाजीराव, उभ्यानं कुणी नोकरी मागतं का? बसा त्या कट्ट्यावर. चहा सांगितला असता, पण माझा मघाशीच झाला. हां, तर ड्रायव्हर म्हणून घ्या म्हणताय. माझ्या गाडीवर. माझ्याच ना? — न्हाई, डिंगोऱ्यात लोक अजून म्हणतात, 'भिमाजीची गाडी आळेफाट्याला उभी हाय.' म्हणू द्या. आरसी बुकावर नाव आता माझं, सुदर्शनचं हाय. मागच्या फाळक्यावर तुमी रंगवलेलं 'हर्षाली–आदेश' मात्र तसंच ठेवलंय — तुमच्या पोरांची नावं पुसायला हात धजत न्हाई, अन् पेंटर पैसेबी लई सांगतो.

तुमी गाडी झ्याक चालवता, न्हाई कोण म्हणतं? पण एका गाडीचा धंदा नुसत्या स्टिअरिंगवर चालत नसतो. दहा गाड्यावाल्याची एक बसली, तर नऊ पळतात. आपली बसली की संपलं — तुमची बसली तशी. कांदा व्हता तो, कांदा! त्याला वारा लागतो. अन् तुमी तीन दिवस ताडपत्री आवळून बांधलेली. कोचीला दोर सोडले तर आतनं वाफ, खाली लगदा — व्यापारी नाक धरून गेटापर्यंत पळाला म्हणं. त्यानंतर कुणी भरून दिली गाडी तुमाला? चार महिने दारात लिंबाखाली, टपावर कोंबड्या अंडी घालायच्या. मी घेतली, उपकारच केले. आता फाट्यावर तुमाला क्लीनर म्हणूनबी कुणी घेत न्हाई — 'कांदा कुजवणारा' म्हणतात. माझ्याकडं याल न्हाईतर जाल कुठं? पोरगी अवसरीला इंजिनियरिंगला हाय ना? तिचं कॉलेज काय गावात बसून निघतंय?

फोन? हां, केला व्हता की मी फोन. आपली रीतच हाय ती, पुढची गाडी मागच्या गाडीला रस्ता सांगती, अन् मागचा खरं-खोटं विचारत न्हाई. त्या कोचीच्या खेपेला मी माझ्या जुन्या गाडीत अर्धा दिवस पुढं, तुमी मागं. म्हणालो, 'पुढं धो धो पाऊस हाय, ताडपत्री सोडू नका.' आता तुमी पोचेस्तवर आभाळ पुढं सरकलं, तर मी काय ढग दावणीला बांधून ठेवू? एकट्यानं दोर सोडायचे, परत आवळायचे, तास जातो — तुमी कंटाळा केला. तुमच्या सरूवहिनीलाबी मी तेच सांगितलं. वर्षभर तुमालाच बोलत्यात म्हणं. बोलणारच, बाईमाणूस.

तर बघा, गाडी सकाळपासनं भरून उभी हाय. कांदाच, कोचीचा. मीच गेलो असतो, पण ही कंबर — पट्टा न बांधता शिंक आली तर खाली बसतो. तसे ड्रायव्हर लई येतात, रांग हाय — तीन ठेवले, एकबी महिना टिकला न्हाई. तोंडाला तोंड देतात. तुमी देत न्हाई, म्हणून म्हणतो.

रस्ता तुमाला पाठ हाय, पण उन्हाला जपा. ऊन कसं असतं ते मला विचारा! हुबळीच्या पुढं ढाब्यावर गाडी लावली राव, कावळा येऊन बॉनेटवर बसला — उडाला तर पाय बॉनेटवरच! आईशप्पत. टपावर पाण्याची बाटली ठेवली, पत्ती टाकली, चहा तयार. मी म्हणलं, माल मरतोय — चारी बाजूनं ताडपत्री सोडली. कांदा कसा खणखणीत पोचला! अन् दुसऱ्या दिवशी तुमचा लगदा बघून व्यापारीच म्हणाला, सुदर्शनशेठ, इथनं पुढं सगळा माल तुमच्याच —

काय?

असं काय बघताय? कुठली खेप? ती... ती दुसरी. न्हाई, मला काय आठवतंय?

बरं — तीच. मग? त्या व्यापाऱ्याला दर खेपेला दोन गाड्यांचा माल नको व्हता, एकाचीच सोय व्हती. तुमचं वाईट करायचं नव्हतं मला, माझी गाडी भरायची व्हती. आता उगारायचा हात तर उगारा, कंबर तशीबी मोडलेलीच हाय. सांगा फाट्यावर जाऊन. कोण ऐकल तुमचं? वहिनीतरी ऐकतील का?

उठलात? जाताय का? जा, रस्ता मोकळा हाय. पण माल उद्यापातुर थांबायचा न्हाई —

आं? मोठ्यानं बोला. कितीला निघायचं म्हणता?

असं! मला वाटलं, चाललाच. लगेच निघायचं. ही घ्या चावी. अन् भिमाजीराव, चपला खाली काढून चढा. आत मॅटिंग नवीन टाकलंय मी.