न धुतलेलं झबलं

ठेव ते खाली. तिथे नको, ओट्यावर नको, दूध आहे तिथे — दे, माझ्याकडेच दे. कुठे सापडलं? मशीनच्या मागे? पावडरच्या डब्याखाली? मग बरोबर आहे, मीच ठेवलं होतं. एवढं काय बघतेस माझ्याकडे, ऋचा, झबलं आहे, बाळाचंच आहे. पिवळं पडलंय कारण धुवायचं नव्हतं. मुद्दाम नाही धुतलेलं. बस त्या स्टुलावर. नंदकिशोरजींना मुरलीपुऱ्याहून यायला अजून वीस मिनिटं तरी लागतील, आणि प्रणिता वर आहे, रडू दे तिला. बाळंतिणीने फार रडू नये, पण आजच्या दिवस चालेल. दार लोटून घे आधी.

तू चार महिन्यांपूर्वी आलीस, तुला मागचं काय माहीत. तुझ्या जावेला, या प्रणिताला, सात वर्षं मूल नव्हतं. सात वर्षं — आणि दुसऱ्या वर्षीच ती टिकली आणली घरात. एवढीशी, पांढरी कुत्री, कपाळावर तो काळा ठिपका, म्हणून टिकली. माझी काही हरकत नव्हती, पाळावं माणसाने. पण ही तिला मांडीवर घेऊन काय म्हणायची? आईकडे ये. आई आली बघ. आई. मतलब मी कोण झाले मग? मी सांगते कोण झाले — समोरच्या तारामतीजी, गेटमध्ये उभ्या राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "सुधाजी, पोती को घुमाने निकलीं?" नात म्हणे माझी! पाच वर्षं हे ऐकलं मी. हसून ऐकलं. सत्यनारायणाला नैवेद्याची पानं वाढलेली, आणि ही त्या टिकलीला टोपी घालून केक कापतेय, त्याच दिवशी तिचा वाढदिवस म्हणे. मी एक शब्द बोलले नाही. विचार कोणालाही. मी या घरात कधी कोणाला एक शब्द बोललेली नाही.

मग देवाने दिवस दाखवला. सातव्या महिन्यात माहेरी गेली, अमरावतीला, तुझ्या लग्नालाही येऊ शकली नाही बिचारी. आणि जाताना मला काय सांगून गेली? डोहाळजेवणाची साडी नेसलेली, डोळ्यांत पाणी — मला वाटलं, म्हणेल आई, तुमची काळजी घ्या, बाबांची घ्या. तर नाही. "आई, टिकलीला सांभाळा." मेट्रोच्या खांबांजवळ तो कुत्र्यांचा डॉक्टर आहे ना, त्याला विचारून आली होती सगळं. बाळ घरी यायच्या आधी कुत्र्याला बाळाच्या वासाची सवय करायची. बाळाच्या अंगातून काढलेला कपडा, न धुता, त्याच्यासमोर धरायचा. हुंगलं की बिस्कीट द्यायचं. रोज. म्हणजे बाळ आलं की त्याला वाटतं, अरे, हा तर बिस्किटाचा वास. हुशार आहे डॉक्टर. खरंच हुशार आहे, पद्धत अगदी बरोबर आहे त्याची.

तर बाळ झाल्यापासून दर आठवड्याला कुरिअर. प्लास्टिकच्या पिशवीत झबलं, पिशवीला रबर, वर चिठ्ठी — धुऊ नका. आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. बाळ दाखवायचं सोडून पहिला प्रश्न, "आई, वास देताय ना?" देतेय गं, रोज देतेय. तूही ऐकलंयस की, इथेच भाजी निवडत बसलेली असायचीस. खोटं कुठे बोलले मी? दुपारी बाबा झोपले की मागच्या धुण्याच्या जागेत टिकलीला न्यायचे मी, कडी लावायचे, पिशवी उघडायचे. वासही दिला. बिस्कीटही दिलं. मध्ये फक्त एक फटका, बाथरूमच्या रबरी चपलेचा. नाकावर. फार जोरात नाही, वळ उठेल असं काही नाही — पांढऱ्या अंगावर लगेच दिसतं. मग झबलं पिशवीत, पिशवीला रबर, आणि बिस्कीट. पहिले दोन-चार दिवस तिला कळेना. मग कळलं. मग नुसता रबर काढल्याचा आवाज आला तरी कोपऱ्यात जाऊन पोट जमिनीला टेकवायची. मूर्ख नाहीये ती. आणि गंमत बघ, माझ्यावर राग नाही तिचा. एवढासाही नाही. माझ्याच पायाशी येऊन बसते. तिच्या हिशेबात मारतो तो वास, बिस्कीट देते मी.

असं तोंड करू नकोस. मलाही असंच शिकवलंय, आणि मला तर कोणी हातसुद्धा लावला नाही. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, खालच्या मजल्यावर यायचा. माझ्या आईचा फोन येऊन गेला, की त्या दिवशी माझ्या सासूबाई जेवायच्या नाहीत. बस, एवढंच. काही बोलायच्या नाहीत. पान वाढलेलं तसंच. मग मामंजी जेवायचे नाहीत, मग तुझे सासरे माझ्याकडे बघायचे. वर्षाच्या आत मी खाली निरोप द्यायला लागले की सांगा, घरी नाहीये म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं मला. आपणहून. आणि सोपं झालं बरं का सगळं, मन लागलं घरात. — तुझ्या आईचा साडेबाराला येतो ना रोज? येऊ दे, येऊ दे. मी काही म्हटलंय का?

आणि त्या दिवशी दारात तू पाहिलंसच. तबक तुझ्याच हातात होतं. मी भाकरतुकडा ओवाळला, टाकला, प्रणिताने उंबऱ्यात पाऊल ठेवलं, आणि टिकली आतून अशी धावत आली — पाच महिन्यांनी आई आलेली ना तिची. दोन पायांवर उभी, शेपूट, नुसता आनंद. प्रणिता वाकली. बाळाला तिच्या नाकाजवळ नेलं, त्या डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे, हळू. आणि मग काय झालं? तिथेच रांगोळीवर मुतली. पोटावर सरकत मागे गेली आणि दात दाखवले. बाळाला दात. प्रणिताचा चेहरा बघितलास? मी नाही बघू शकले, मी बाळाकडे बघत होते. आठ दिवस झाले, दिवाणाखालून बाहेर येत नाही, बाळ रडलं की गुरगुरते. परवा बाळाला तेल लावून झाल्यावर प्रणिता स्वतः माझ्याकडे आली. मी डाळ घोटत होते. म्हणाली, "आई, मला नाही जमत आता. पाठवू या तिला." मी म्हटलं, अगं बघ, विचार कर, सात वर्षांत ती एकटीच होती तुझी. असं म्हटलं मी. तूही तिथेच होतीस. नंदकिशोरजींचा नंबर तिनेच मागितला. त्यांना पंपाच्या कारखान्याच्या गेटला कुत्रं हवंच होतं. एवढंसं कुत्रं काय राखणार, पण साखळीला बांधलं की भुंकतं कोणतंही.

काय? प्रणिताला सांगणार? सांग की. जिना तिथे आहे. पण ती विचारेल, ऋचा, तुला केव्हापासून माहीत? तेव्हा काय सांगशील? आज झबलं सापडलं म्हणून? अगं, ती धुण्याची जागा स्वयंपाकघराला लागून आहे, मधे जाळीचं दार. टिकलीचं केकाटणं तुला ऐकू येत होतं, आणि ते तुला ऐकू येतंय हे मला ऐकू येत होतं. कसं? तू मिक्सर लावायचीस. रोज, त्याच वेळेला. पहिल्या दिवशी मला वाटलं चटणी करतेय. दुसऱ्या आठवड्यात मी आत येऊन झाकण उघडून पाहिलं, भांडं कोरडं. रिकामा मिक्सर फिरवत होतीस, ऋचा. तेव्हाच म्हटलं, ही मुलगी राहील या घरात. शांत आहे, समजूतदार आहे, तन्मयने चांगली निवड केली.

हॉर्न वाजला. आले ते. ऊठ.

मी हाक मारली तर टिकली येईल, लगेच येईल, पण मला नाही द्यायची तिला हातात धरून. वर खिडकीत प्रणिता असणार, उगाच सासूने दिली असं व्हायला नको. तू जा. पोळी दाखवून उपयोग नाही, ती बाहेर येणार नाही. हे घे. घे गं, चावत नाही. भिंतीच्या बाजूने जा, दिवाणाच्या मागे, आणि नुसतं समोर धर. मारायचं काही नाही. आपणहून दाराकडे पळेल, बाहेर नंदकिशोरजी उभे आहेत पोतं घेऊन. मग ते बादलीत टाक, आता धुतलं तरी चालेल, आणि बाळाला हात लावायच्या आधी हात स्वच्छ धू.

जा. मिक्सर मी लावते.