उन्हाळ्यात जळू कुठली?

माझं म्हायेर खानापूरकडलं, लगीन हून हितं कुंभारवाड्याच्या रानात आले तवा सासू आदीच गेलेली, मला मोठ्या जावंनंच घडीवलं, अक्का म्हनायची मी तिला, लई कडक, भात करपला तर बोलून बोलून जीव काढायची, पन माझं ताट वाढल्याबिगार सोता जेवायची न्हाई, काय सांगू तुमाला बाई.

आमच्यात नवं भात घरात आलं की देवाला निवद दावत्यात, आनि त्यो जिची पाळी गेली तिनंच शिजवायचा. अक्काची पाळी गेली तवा तिचा तोरा बघायचा, आता देवाची चूल माझी म्हनायची, आमाला वाऱ्याला हुबं करायची न्हाई.

मग चार-पाच वर्सांनी लावनीच्या दिसांत अक्काच्या लुगड्याला रगात दिसलं. आता रानातल्या शेतात जळवा कुनाला चावत न्हाईत? जळू चावल्याली कळत न्हाई, दुखत न्हाई, आनि ती सुटली तरी रगात लवकर थांबत न्हाई. अक्का म्हनली जळू चावली गं, मी चुना दिला लावायला, झालं. परत दिसलं, परत जळू. आमी आपलं हसायचो, अक्काचं रगात ग्वाड हाय म्हनून.

शिमगा झाला, शेतं वाळून भेगाळली, आनि मी नदीवर धुनं धुवाय गेले तर अक्काच्या लुगड्याला मागं डाग. माझे हातच थांबले. अगं बाई, उन्हाळ्यात जळू कुठली? घरी यून इचारलं तर माझ्यावरच वरडली, तुला काय करायचंय म्हनली. मी बी हट्टी, नवऱ्याच्या मागं लागून तिला रामनगरला नेली, तितल्या डॉक्टरनं बेळगावला धाडलं. बेळगावची डॉक्टरीनबाई म्हनली, पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला, दुखो न दुखो, लगीच यायचं असतं, दर येळी वंगाळच निघतं असं न्हाई, पन तपासून घ्यायलाच पायजे. अक्काच्या गर्भाच्या पिशवीत कॅन्सर निघाला, लई फुडं गेल्याला.

हेलपाटे घातले, औषदं केली. हातरुनाला खिळली तवा एकदा तिचं क्यास विंचरत होते, तर म्हनली, "चंद्रे, मला ठावं होतं गं. जळू घाव सोडती. मी हुडकला, घाव न्हवता."

मग बोलली का न्हाईस, म्हनलं. तर म्हनली, पिकल्या केसांनी परत भाइर बसू व्हय? देवाची चूल काडून घेतली असती की तुमी. घेतली असती बाई, खोटं कशाला बोलू, रीतच तशी.

अक्का गेली. आता लगनात, बारशात, बाया दिसल्या की मी ह्येच सांगत बसते, गडीमानसं बसल्याली असली तरी सांगते, म्हातारीनं लाज सोडली म्हनत्यात. म्हनू द्यात. अक्कानं लाज धरली, आनि आमची अक्का गेली. तुमच्या बी घरात कोन असंल तर इचारा बाई, वरडली तरी इचारा. सुखी ऱ्हावा.